हिवाळाभर उभी राहिलेली बोट स्टार्टच घेत नाहीये. प्लग बदलू की ठिणगीची कॉइल?

नवा_नाखवा
मंडळी, नमस्कार. बोटीच्या बाबतीत मी दुसरीतला विद्यार्थी, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. २० हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) आहे. दोन सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, सेल्फ आहे आणि ओढायची दोरीही आहे. हिवाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढली, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (आत गंज धरू नये म्हणून फवारतात ते तेल) मारलं, गिअर ऑइल बदललं, ताडपत्री बांधली आणि साडेपाच महिने तिकडे फिरकलो नाही. काल नळीने पाणी जोडून चावी फिरवली तर नुसतं टक्. परत फिरवली, परत टक्. शेवटी टक्सुद्धा बंद. नवे प्लग आणून ठेवलेत. कॉइलपण मागवून टाकू का?

उलटा_पंखा
कार्ब्युरेटर. डोळे झाकून सांगतो. उघडा, साफ करा, मोकळे व्हा.

तेलकट_हात
पंखाभाऊ, अहो सेल्फच फिरत नाहीये त्यांचा. कार्ब्युरेटर सोन्याचा बसवला तरी ते टक्च म्हणणार.

नाखवा, कॉइल मागवू नका. प्लगही पिशवीतच राहू द्या. बोट उभी राहिली की तीन वेगवेगळी दुखणी होतात आणि लोक तिन्हींना एकच नाव देतात, 'सुरू होत नाही'. एक, सेल्फ फिरतच नाही. दोन, सेल्फ फिरतो पण इंजिन स्टार्ट घेत नाही. तीन, स्टार्ट घेतं पण टिकत नाही. तुमचं सध्या पहिलं आहे. पुढची दोन त्याच्या मागे दडलेली असू शकतात, पण ती त्यांची पाळी आल्यावर बघू.

मल्टिमीटर आहे का? बॅटरी रात्रभर काहीही न जोडता ठेवा आणि सकाळी व्होल्टेज बघा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीत १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटर बॅटरीच्या थेट पोलवर धरा. केबलच्या क्लॅम्पवर नको, शिशाच्या पोलवर. व्होल्टेज धाडकन ९.५ च्या खाली गेलं तर दोष बॅटरीत, उतरलेली तरी किंवा मेलेली तरी. १२ च्या आसपासच राहिलं आणि टक् वाजलं, तर बॅटरी ठीक आहे, करंट वाटेत अडतोय. गंजलेलं टर्मिनल, ढिली अर्थिंग, नाहीतर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच).

पाणकोंबडी
आणि ती लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना, किल स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या स्विचची)? हसू नका. मी दोन वर्षांपूर्वी इंजिनाची झाकणं काढून, प्लग काढून, पेट्रोल बदलून, सगळे सोपस्कार करून अर्धा दिवस घालवला. क्लिप माझ्या जॅकेटच्या खिशात होती. गिअर न्यूट्रलला आहे का तेही बघा. बऱ्याच इंजिनांत गिअर जरासा जरी सरकलेला असला तरी सेल्फला करंटच जात नाही.

नवा_नाखवा
पाणकोंबडीताई, क्लिप जागेवर आहे. न्यूट्रलही आहे.
तेलकटकाका, बॅटरी सकाळी १२.०४. चावी फिरवल्यावर ७.९. म्हणजे गेली?

तेलकट_हात
गेली असं लगेच म्हणू नका. आधी चार्ज करून बघा, पण घाईचा मोठा करंट देऊ नका, सावकाश रात्रभर. उन्हाळ्यात बॅटरी अर्धवट उतरली तर निदान उठते. महिनोन्महिने उतरलेलीच राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग चार्जर 'फुल' म्हणतो, पण पाच मिनिटांत पुन्हा जैसे थे. कडक थंडीत अजून एक भानगड असते. भरलेल्या बॅटरीतलं अॅसिड सहसा गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरलेलं असतं, ते शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठतं आणि डबा फुगतो. तुमचा डबा फुगलेला किंवा तडकलेला असेल तर चार्जरला लावूच नका.

क्लॅम्प काढलेच आहेत तर पोल घासून चकचकीत करा. आणि फुलपाखरी नट असतील तर ते फेकून साधे लॉकनट पान्याने आवळा. बोट आपटते, फुलपाखरं उडून जातात.

शिडाची_होडी
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण माझंही दुखणं हेच आहे म्हणून इथेच विचारतो. माझ्या होडीत दोन सिलिंडरचं जुनं इनबोर्ड, म्हणजे होडीच्या आत बसवलेलं, डिझेल इंजिन आहे. सेल्फ झकास फिरतो, पण स्टार्ट घेत नाही. शरद ऋतूत डिझेलचा फिल्टर बदलला होता. काल दहा-बारा वेळा सेल्फ मारला, प्रत्येक वेळी पंधरा-वीस सेकंद. धुराचा ठिपका नाही. उद्या बॅटरी चार्ज करून परत जोर लावतो. काही सल्ला?

तेलकट_हात
होडीवाले, जोर लावू नका. आत्ताच्या आत्ता जा आणि इंजिनात समुद्राचं पाणी घेणारा कॉक बंद करा. बाकीचं नंतर.

शिडाची_होडी
कॉक? तो मी मुद्दाम उघडला होता. उघडा ठेवला नाही तर पाण्याचा पंप कोरडा चालून इम्पेलर (आतलं रबरी पात्यांचं चाक) जळतो असं सगळे सांगतात.

तेलकट_हात
इंजिन सुरू झालं तर बरोबर. सुरू झालंच नाही तर तोच कॉक इंजिन बुडवतो. कसं ते ऐका, कारण हे ठाऊक नसल्याने चांगली चांगली इंजिनं गेलेली पाहिलीत.

तुमचा एक्झॉस्ट ओला आहे. म्हणजे बाहेरचं पाणी पंपाने खेचून, इंजिन थंड करून, शेवटी एक्झॉस्टच्या बाकात सोडलेलं असतं. तिथून ते खाली मफलरच्या डब्यात जमतं आणि धुराचा जोर त्याला पुढे वर ढकलून होडीबाहेर फेकतो. आता तुम्ही सेल्फ मारताय. पंप फिरतोय, पाणी येतंय. धूर मात्र नाही. डब्यातलं पाणी बाहेर ढकलायला कुणी नाही. डबा भरतो, नळी भरते, पाणी मागे चढतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल त्या सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि अडतो.

म्हणून नियम असा. सुरू होत नसलेल्या इंजिनाला लांब सेल्फ मारायचा तर कॉक बंद. इंजिनाने स्टार्ट घेतला की त्या क्षणी उघडायचा. ओल्या इम्पेलरला तेवढे काही सेकंद चालतात.

आता सांगा, शेवटचा सेल्फ मारला तेव्हा आवाज कसा आला?

शिडाची_होडी
शेवटी एकदा 'ठक' झालं आणि सेल्फ अडला. मला वाटलं बॅटरी उतरली.

पाणकोंबडी
अरे देवा.

तेलकट_हात
घाबरू नका, पण चावीला हात लावायचा नाही. सेल्फच्या जोरावर पाणी अडलं तर कनेक्टिंग रॉड सहसा वाचतो. चालू इंजिनात पाणी गेलं की वाकतो. मात्र आता घड्याळ चालू आहे. खारं पाणी रिंगांवर आणि लायनरवर बसून राहिलं तर काही दिवसांत इंजिन जाम.

मफलरच्या डब्याच्या तळाचा बोल्ट काढून आधी तो रिकामा करा. दोन्ही इंजेक्टर काढा. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत तापणारे प्लग) असतील तर नुसते ते काढले तरी चालेल. मग क्रँकच्या पुढच्या नटला पाना लावून इंजिन हाताने, नेहमीच्या दिशेने फिरवा. भोकांतून पाणी उडेल, तोंड बाजूला ठेवा. पाणी संपलं की मग सेल्फचे दोन-तीन छोटे झटके, इंजेक्टर बाहेरच असताना. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि परत हाताने फिरवा. आता डिपस्टिक बघा. तेल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी खाली तेलाच्या चेंबरमध्येही गेलंय. तेल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला.

उलटा_पंखा
स्टार्टिंग स्प्रे मारला असता तर पहिल्या सेल्फला उठलं असतं.

तेलकट_हात
पंखाभाऊ, इथरचा स्प्रे आणि तापलेला ग्लो प्लग एकत्र आले की तो वेळेआधीच पेटतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून दणका बसतो. रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. ग्लो प्लगच्या इंजिनावर स्प्रे नाही म्हणजे नाही.

नवा_नाखवा
मध्येच माझं रडगाणं. बॅटरी चार्ज करून १२.७ आली, दुसऱ्या दिवशी १२.६. सेल्फ मस्त फिरतोय. पण स्टार्ट घेत नाही. म्हणजे काकांच्या हिशोबाने मी दुसऱ्या दुखण्यावर पोचलो. प्लग काढले तर काळे, तेलाने ओथंबलेले.

पाणकोंबडी
ते तुमचंच फॉगिंग ऑइल. आता ते नवे प्लग लावा, ते काही वाया जाणार नाहीत. जुने पुसून, वाळवून ठेवा, चांगले असतील. आणि सुरू झालं की पहिली काही मिनिटं निळा धूर येईल, त्याला घाबरून इंजिन बंद करू नका.

तेलकट_हात
स्पार्क बघायचा तर कॅप आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा टेस्टर वापरा. प्लग हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारायचा नाही, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा त्याने उडू शकतो. आणि प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ फवारत असते, तिथे ठिणगी पाडू नका.

स्पार्क असेल तर पेट्रोलकडे वळा. टाकी भरून ठेवली होती का? पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का? पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (साठवलेलं पेट्रोल खराब होऊ नये म्हणून घालायचं औषध) घातलं होतं का?

नवा_नाखवा
स्पार्क दोन्हींना आहे, निळा, दणदणीत. टाकी २५ लिटरची, १८-२० लिटर असेल. दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. स्टॅबिलायझर म्हणजे काय ते आत्ता कळतंय. आणि एक, तो पेट्रोल पुढे ढकलायचा नळीतला रबरी फुगा कितीही दाबला तरी घट्ट होत नाही.

तेलकट_हात
फुग्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना? फुगा उभा धरून दाबा, बाण वर. आतल्या झडपा त्या स्थितीत नीट बसतात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का? तरीही घट्ट होत नसेल तर कुठून तरी हवा खेचतोय. बहुतेक वेळा टाकीकडच्या किंवा इंजिनाकडच्या कनेक्टरमधली छोटी ओ-रिंग वाळून चिरलेली असते. फुगा स्वतःही तडकतो, वाकवून बघा.

दुसरं काम. कार्ब्युरेटरच्या बाउलला (पेट्रोल साठतं त्या वाटीला) तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो. पारदर्शक बरणी धरून तो उघडा आणि बरणी दहा मिनिटं शांत ठेवा. मग काय दिसतंय ते जसंच्या तसं लिहा.

नवा_नाखवा
ओ-रिंग खरंच चिरलेली होती. बदलली. फुगा आता दगड!
बरणीत दोन थर दिसतायत. वरचा पिवळसर, खालचा गढूळ. वास पेट्रोलचा नाही, जुन्या व्हार्निशसारखा.

तेलकट_हात
मिळालं. खालचा थर पाणी आणि इथेनॉलचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि थोड्या पाण्यापर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळलेलंच राहतं. दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत, थंडीत त्याहून कमी. तुमच्या २० लिटरला म्हणजे १०० मिलीलिटर, अर्धा पेला. तेवढं पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी पेट्रोल कुठून खेचते? तळातूनच. म्हणून इंजिनाला पहिला घोट त्याचाच.

वरचं पेट्रोल वापरू असं मनात आणू नका, इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही उतरलाय. नवं पेट्रोल ओतून ते सुधारत नाही, बाटलीतलं औषध घालूनही थर परत एक होत नाहीत. टाकी पूर्ण रिकामी, नळी रिकामी, फिल्टर नवा. वेगळ्या छोट्या कॅनमधलं ताजं पेट्रोल जोडून बघा.

लाटेवरची_लाट
इनबोर्ड पेट्रोलवाल्यांसाठी एवढंच: पेट्रोलच्या कामानंतर ब्लोअर (इंजिनाच्या जागेतली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवल्याशिवाय चावी नको, आणि त्याआधी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) नाक घालून वास घ्या. वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. आणि गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर स्वस्त मिळाला म्हणून बोटीत बसवू नका. बोटीचे बंदिस्त असतात, त्यांची ठिणगी बाहेरची वाफ पेटवत नाही. गाडीच्यांची खात्री नाही.

शिडाची_होडी
अहवाल. इंजेक्टर काढले, हाताने फिरवलं, मागच्या सिलिंडरमधून भसकन पाणी आलं. चाखून पाहिलं, खारं. तेल दुधाळ झालं होतं, बदललं. इंजिन आता हाताने मोकळं फिरतंय, कुठे अडत नाही. कॉक बंद आहे, शपथ. पण मूळ प्रश्न तिथेच. फिल्टरची एअर (डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा) काढली तरी स्टार्ट नाही.

तेलकट_हात
एअर कशी काढलीत? फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) ढिला करून फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) छोटी दांडी हाताने मारत राहायचं, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत. दांडी मऊ लागत असेल, नुसती डुलत असेल, तर पंप चालवणारा कॅम वर अडकलेला असतो. इंजिन हाताने एक फेरा फिरवा, दांडीत जीव येईल. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. शेवटी इंजेक्टरकडचे पाइपचे नट एकेक अर्धा फेरा ढिले करून सेल्फ. तिथे डिझेल थबकथबक उडायला हवं. हात लांब ठेवा, ते दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

शिडाची_होडी
अगदी असंच केलं. इंजेक्शन पंपापर्यंत स्वच्छ सलग डिझेल येतंय. पण इंजेक्टरच्या नटला थेंबसुद्धा नाही. पंप गेला का हो? नवा पंप म्हणजे होडी विकावी लागेल.

पाणकोंबडी
होडीदादा, स्टॉपची मूठ आत आहे का?

शिडाची_होडी
कुठली मूठ?

पाणकोंबडी
इंजिन बंद करायला ओढता ती. ओढलेलीच राहिली तर पंप एक थेंब सोडत नाही. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी नसतेच, ते बंद होतं ते इंधन तोडूनच. तुमचा धूर नाही, नटला थेंब नाही, दोन्हींचा मेळ तिथे बसतो.

शिडाची_होडी
दोन तासांनी लिहितोय. मूठ पूर्ण बाहेर होती. हिवाळ्यात होडी बाहेर असताना महिन्यातून एकदा स्टॉप ओढून सेल्फ मारायचो, आत तेल फिरावं म्हणून. शेवटच्या खेपेला तशीच राहिली. आत ढकलली. तिसऱ्या सेकंदाला पांढरा धूर, पाचव्याला इंजिन चालू. धावत जाऊन कॉक उघडला. बायको म्हणते, इतका पळताना तुला कधी पाहिलं नाही.

तेलकट_हात
पाणकोंबडीताई, मान गये. मी पंपाच्या आत शिरत होतो.
होडीवाले, पंधरा मिनिटं चालवून तेल गरम असतानाच परत बदला. दुधाळपणा राहिला तर पुन्हा. तीनदा बदलावं लागलं तरी तेल इंजिनापेक्षा स्वस्तच.

नवा_नाखवा
माझंही उठलं! ताजं पेट्रोल, चोक ओढून दुसऱ्या सेल्फला. निळा धूर एवढा की शेजारचा बादली घेऊन आला. पण चोक पूर्ण आत ढकलला की बंद पडतं. रेस करून धरलं तर छान चालतं, सोडलं की गचके खाऊन बंद.

उलटा_पंखा
आता तरी म्हणू का? कार्ब्युरेटर.

तेलकट_हात
आता म्हणा, आता शंभर टक्के बरोबर. स्लो जेट (रेस न देता चालताना पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय. चोकवर चालतं कारण चोक हवा कमी करून मिश्रण घट्ट करतो. रेसवर चालतं कारण तिथे मेन जेट काम करतो. नुसत्या स्लोवर मात्र तेवढ्या बारीक भोकातून पेट्रोल येत नाही. बाउलमध्ये पेट्रोल वाळून जो राळेसारखा थर बसतो तो आधी तिथेच अडकतो, कारण सगळ्यात बारीक भोक तेच.

बाउल काढा, जेट काढा, क्लीनरमध्ये भिजत ठेवा, हवा मारा. उजेडाकडे धरून भोक गोल दिसलं पाहिजे. स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कायमचं पेट्रोल जास्त. अडलंच तर नायलॉनचा केस. बाउलचं गॅस्केट हाताशी नवं ठेवा, जुनं फुगलेलं निघालं तर परत बसत नाही.

नवा_नाखवा
झालं. भोक आधी दिसतच नव्हतं, आता सुईच्या टोकाएवढा उजेड दिसतो. स्लोवर घड्याळासारखं चालतंय. फक्त मागून येणारी पाण्याची धार बारीक वाटते, गेल्या वर्षी जोरात होती.

पाणकोंबडी
आधी धारेच्या भोकात मासेमारीचा नायलॉनचा दोर घालून फिरवा, किडे घर करतात तिथे. तरी बारीकच राहिली तर इम्पेलर. पाच महिने एकाच जागी वाकून राहिलेली रबराची पाती सरळ होत नाहीत. त्यासाठी इंजिनाचं खालचं, पंख्याकडचं युनिट उतरवलंतच तर गिअर ऑइलही बघून घ्या. दुधाळ असेल तर सील गेलंय.

नवा_नाखवा
किडाच होता, मातीचं घर करून. धार पूर्ववत. इम्पेलर तरी मागवलाय, कॉइल नाही. पण ते वीस लिटर जुनं पेट्रोल दोन कॅनमध्ये पडून आहे, त्याचं काय करू? गवत कापायच्या मशिनला घालू?

तेलकट_हात
मशिनशी काय वैर आहे तुमचं? घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, कॅनवर 'पाणीमिश्रित पेट्रोल' लिहून. गटारात नाही, मातीत नाही. आणि तोवर कॅन उन्हात ठेवू नका.

शिडाची_होडी
तिसरं तेल काल बदललं. डिपस्टिक स्वच्छ. मुठीला लाल चिंधी बांधलीय.